वर ऊन, खाली अंधार

चैत्रातली दुपार होती. कऱ्हाडातल्या आमच्या घरावर सहा पॅनेल आहेत, प्रत्येकी 540 वॅटचे, म्हणजे सगळे मिळून सव्वातीन किलोवॅट. गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि खाली बैठकीत पंखा थांबलेला, फ्रिज गप्प, जिन्याशेजारी सोलरच्या इन्व्हर्टरवर तांबडा दिवा. लाइट गेली होती. सांगलीहून आलेल्या आत्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "अरे, एवढे पैसे घातलेस ना त्या काचांवर? मग हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या नानांनी उत्तर देऊन टाकले. "आत्याबाई, हे कंपनीचं सोलर. ऊन आपलं, गच्ची आपली, पैसे आपले आणि चावी त्यांच्याकडे. बॅटरी लावून घ्या म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं."

नाना हुशार गृहस्थ आहेत. शिवाय हे मत एकट्या नानांचे नाही. हार्डवेअरच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी मी ते इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते मत उरलेले नाही, लोकसमज झाला आहे. म्हणून त्याचा रीतसर समाचार घेणे भाग आहे. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादात निवाड्याला उभयभारती बसली होती, अशी कथा सांगतात. इथे ते आसन वाचकाचे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. ग्रिडला जोडलेले सोलर ऐन गरजेच्या वेळी दगा देते. लाइट असते तेव्हा ते चालते, पण तेव्हा त्याची निकड काय? लाइट जाते तेव्हा ते बंद पडते, आणि तेव्हाच तर ते हवे असते. दाखले हवेत? 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली. बाहेर लख्ख उजेड होता, तरी ज्या इमारतींच्या डोक्यावर नुसते ग्रिडचे सोलर होते त्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. 28 एप्रिल 2025 रोजी भर दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालचा जवळजवळ सगळा मुख्य भूभाग अंधारला. ज्या स्पेनमध्ये उन्हाला तोटा नाही, तिथेही बॅटरीविना असलेली छतावरची यंत्रणा मुकाट्याने बंद झाली. आता हेतूचा प्रश्न. ग्राहक कायमचा बांधलेला राहावा म्हणून वीज कंपन्यांनीच हे करवून घेतले असणार. वर बिल शून्य होईल म्हणून सांगितले होते, ते शून्यही होत नाही. सबब खरे सोलर बॅटरीचे, आणि सर्वांत खरे तर खांबावरची तारच तोडून टाकण्याचे.

यातले एकही विधान वेडगळ नाही. दाखले खरे आहेत आणि तक्रार अनुभवातून आली आहे. चूक आहे ती त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि त्या चुकीचे मूळ एका शब्दात आहे.

तो शब्द इन्व्हर्टर. महाराष्ट्रातला मध्यमवर्ग हा शब्द भारनियमनाच्या काळात शिकला. 2005 नंतरची ती वर्षे आठवून पाहा. वर्तमानपत्रात भारनियमनाचे वेळापत्रक यायचे, दहावीची मुले मेणबत्तीत अभ्यास करायची, आणि ज्याच्या घरी जिन्याखाली एक बॅटरी आणि तिच्यावर एक घूं घूं करणारी पेटी असे तो गल्लीतला सुखी माणूस. त्या पेटीला आपण इन्व्हर्टर म्हणालो. तिचे काम एकच, लाइट गेली की धावून येणे. वीस वर्षांनी भिंतीवर दुसरी पेटी आली आणि योगायोगाने तिचेही नाव इन्व्हर्टरच निघाले. नाव तेच म्हटल्यावर अपेक्षाही तीच. पण एकाच दिशेने वाहणारी वीज उलटसुलट वाहणाऱ्या विजेत बदलायची, एवढेच या दोघींत साम्य आहे. जुनी पेटी स्वतः ताल धरते. नवी पेटी दुसऱ्याच्या तालावर चालते.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे, कारण सगळा वाद इथेच निकालात निघतो.

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. हा हेलकावा आपल्या डीपीपुरता नसतो, तालुक्यापुरताही नसतो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळे नांदणारे दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला जोडले गेले. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, कोराडीच्या औष्णिक केंद्रापासून कोयनेच्या पोटातल्या टर्बाइनपर्यंत, या ग्रिडला जोडलेले प्रत्येक जनित्र एकाच ठेक्यावर फिरते. इतकी मोठी यंत्रे माणसाने फार थोडी बांधली आहेत, आणि त्याची एक तार सोलापूर जिल्ह्यातून जाते याचे आपल्याला काहीच वाटत नाही, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे.

गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर हा या दिंडीत मागून सामील झालेला टाळकरी आहे. तो आल्याबरोबर टाळ वाजवत नाही. आधी पखवाज ऐकतो. ग्रिडचा दाब किती, ठेका किती, हेलकाव्याची वरची-खालची वेळ कुठली, हे मिलिसेकंदांच्या हिशोबात मोजतो आणि मग त्याच ठेक्यात आपला प्रवाह मिसळतो. पखवाज थांबला तर? टाळकऱ्याने एकट्याने वाजवत राहावे, अशी नानांची मागणी आहे. ती मान्य करू आणि काय होते ते पाहू.

समजा, कायदा नाही, नियम नाही, कंपनीचा डाव नाही. लाइट गेली, पॅनेलवर ऊन आहे, घर आणि पॅनेल एवढीच दुनिया. घरात त्या क्षणी दोन पंखे आणि फ्रिज, मिळून साडेतीनशे वॅट. पॅनेल अडीच हजार वॅट देऊ शकते. विजेचा पहिला नियम असा की जितकी वापरली जाते तितकीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. जास्त झाली तर दाब चढतो, कमी पडली तर कोसळतो. ठीक आहे, इन्व्हर्टर हात आखडता घेईल आणि साडेतीनशेच देईल. इतक्यात आत्या म्हणतात, टाकीत पाणी नाही, मोटर लाव. एक अश्वशक्तीची मोटर चालताना निदान साडेसातशे वॅट खाते, पण सुरू होण्याच्या क्षणी पाच-सहापट प्रवाह ओढते. ग्रिडला ते कळतही नाही. त्याच्या अजस्र फिरत्या जनित्रांच्या वजनात ती उडी विरून जाते. पॅनेलला असले वजन नाही. त्या क्षणी ऊन जितके देते तितकेच त्याच्या हातात असते, गाठीला काही नाही. मोटर घुरघुरेल, दाब पडेल, सगळे बंद. पुन्हा सुरू. तेवढ्यात ढग येईल. वळवाचा एक पांढरा ढग सूर्यावरून सरकला तर उत्पादन काही सेकंदांत पाऊण हिश्शाने उतरते. पंखा मंदावेल, फ्रिजचा कॉम्प्रेसर अडकेल. अर्ध्या तासात आत्या स्वतःच म्हणतील, बंद कर ते.

म्हणजे ग्रिड नसताना साधा सोलर इन्व्हर्टर चालू देत नाहीत असे म्हणण्याआधी, तो चालवून उपयोग काय, हा प्रश्न विचारायला हवा होता. ढग आणि मोटर यांचे धक्के सोसायला कुणीतरी हवे. तो सोसणारा एक तर ग्रिड असतो किंवा बॅटरी. तिसरा नाही.

आता लाइट गेली की इन्व्हर्टर बंद झालाच पाहिजे, या नियमाकडे येतो. माझ्या मते नियमाची बाजू केवळ समर्थनीय नाही, ती निर्विवाद आहे.

लाइट जाते तेव्हा दर वेळी कुठेतरी बिघाड नसतो, पण पुष्कळदा असतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या वादळात चिंचेची फांदी तारेवर पडते. वायरमन येतो. तो डीपीचा स्विच खाली ओढतो, फ्यूज काढतो आणि खांबावर चढतो. तो ज्या तारेला हात लावतो ती मेलेली आहे या एका गृहीतावर त्याचा जीव टांगलेला असतो. वायरमन लोकांत एक शब्द आहे, 'रिटर्न'. पुढून बंद केलेल्या तारेत मागून, कुणाच्या तरी घरातून आलेली वीज. पूर्वी हा रिटर्न येई तो मंगल कार्यालयाच्या किंवा दवाखान्याच्या जनरेटरमधून, चेंजओव्हर स्विच न बसवता जोडलेल्या. आज प्रत्येक गल्लीत पाच-सात छतांवर जनरेटर बसले आहेत, आणि ते बिनआवाजी आहेत. शिवाय डीपी दोन्ही बाजूंनी काम करतो, हे विसरू नये. एरवी तो 11,000 व्होल्टचे घरगुती दाबात रूपांतर करतो. खालून वीज शिरली तर तोच प्रामाणिकपणे तिचे वर 11,000 करून देतो.

यावर एक जाणकार आक्षेप येतो आणि तो मला आवडतो. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर अख्ख्या गावाचा भार कसा उचलेल? क्षणात दबून बंद पडेल, मग वेगळी खबरदारी कशाला? बहुतेक वेळा असेच होईल, कबूल. पण समजा, जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला आणि खांबाच्या पुढे फक्त चार घरे उरली. त्या चार घरांत दुपारी दोन वाजता दोन हजार वॅट लागत होते, आणि एका छतावर नेमके दोन हजारच तयार होत होते. मग? तारेला आपण तुटलो आहोत हे कळणारच नाही. ती जिवंत राहील. तंत्रज्ञांच्या भाषेत हे बेट झाले. अशी बरोबरी क्वचितच होते, पण ज्याच्या हातात ती तार असेल त्याला क्वचित म्हणजे किती, हे समजावून सांगायला तुम्ही जाल का?

म्हणून चांगला इन्व्हर्टर नुसता दाब आणि ठेका पाहून स्वस्थ बसत नाही. तो ग्रिडला अधूनमधून हलकी कोपरखळी मारून पाहतो. आपला ठेका केसभर पुढे-मागे ढकलतो. समोर खरे ग्रिड असेल तर काहीच हलत नाही. एका टाळाने दिंडीचा ठेका बदलत नसतो. पण समोर चार घरांचे बेट असेल तर ठेका लगेच घसरतो, आणि इन्व्हर्टर ओळखतो की पखवाज थांबला आहे, आपण आपलाच प्रतिध्वनी ऐकतो आहोत. तो हात काढून घेतो. या कसोटीसाठी आपल्याकडे आयएस 16169 हे मानक आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2013 च्या विनियमांनी तर आकडेच घालून दिले. दाब नेहमीच्या 110 टक्क्यांवर गेला किंवा 80 टक्क्यांखाली आला तर दोन सेकंदांच्या आत, ठेका 50.5 हर्ट्झवर चढला किंवा 47.5 च्या खाली उतरला तर 0.2 सेकंदात बाजूला व्हायचे. आणि लाइट परत आल्यावरही लगेच घुसायचे नाही. किमान 60 सेकंद सगळे स्थिर आहे असे दिसल्यावरच.

कंपनीचा डाव म्हणावा, तर या प्रकारचा नियम स्पेनमध्ये आहे, अमेरिकेत आहे, जर्मनीत आहे. इतक्या देशांतल्या वीज कंपन्यांनी मिळून कऱ्हाडातल्या नानांविरुद्ध कट केला असे मानायचे का? आणि स्पेनचा दाखला तर पूर्वपक्षाच्याच अंगावर येतो. ग्रिड एकदा पूर्ण बसले की ते उठवण्याचे काम तुकड्यातुकड्यांनी करावे लागते. त्या दिवशी फ्रान्स आणि मोरोक्कोच्या जोडण्यांतून आणि धरणांवरच्या केंद्रांतून वीज घेऊन एकेक भाग जिवंत करत नेला. प्रत्येक पायरीला भार किती आणि वीज किती यांचा काटा जुळवत. अशा वेळी लाखो छतांनी आपापल्या मर्जीने, आपापल्या ठेक्यात मध्येच तोंड घातले असते तर? उठू पाहणाऱ्या रोग्याला खांदा द्यायला शंभर माणसे धावावीत आणि त्याला पुन्हा खाली पाडावे, तसे झाले असते.

एवढ्यावर नाना गप्प बसत नाहीत, आणि बसूही नये. ते म्हणतात, ठीक, मग बॅटरी लावू. ग्रिड तोडू. हिशोब करू.

माझ्या घराला दिवसाला आठ युनिट लागतात. पैकी पाच सूर्यास्तानंतर. जिन्याखालची नेहमीची शिशाची बॅटरी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास, म्हणजे कागदावर 1.8 युनिट. ती तळापर्यंत रिकामी करत राहिलो तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची: 0.9 युनिट. एका रात्रीला सहा बॅटऱ्या झाल्या. आता श्रावणातले तीन सलग ढगाळ दिवस धरा. आमच्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देते, पण झड लागली की ते एकावर येते, कधी त्याच्याही खाली. तीन दिवसांचे चोवीस युनिट साठवून ठेवायचे तर सत्तावीस बॅटऱ्या. जिन्याखाली मावणार नाहीत. देवघर हलवावे लागेल. आणि दर? पंधरा हजारांची बॅटरी रोज वापरली तर चार वर्षे टिकली असे उदारपणे धरू. आयुष्यभरात ती सुमारे तेराशे युनिट साठवून परत देईल. भागाकार केला तर युनिटला साडेअकरा रुपये, नुसते सांभाळण्याचे. वीज वेगळी. भरताना-काढताना पाचवा हिस्सा उष्णतेत जातो, तो वेगळा. डिस्टिल वॉटर आणि जिन्याखालचा आंबूस वास तर मी धरलाच नाही.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात सकाळी अकराला बॅटरी भरली की तार तोडलेल्या घराचे पॅनेल उरलेला दिवस नुसते तापत बसते. वीज उतू जात नाही, कारण ती तयारच होत नाही. ज्या यंत्राचे ऐन भरातले पाच तास रोज वाया जातात त्याला स्वावलंबी म्हणायचे? आणि उलट बाजूला काय जाते? महिन्याला वीस तास लाइट जाते असे धरा, त्यातले उन्हातले तास सात. त्या सात तासांत माझे फार तर दहा-बारा युनिट बुडाले. महिन्याच्या चारशेपैकी. दहा युनिट वाचवण्यासाठी सत्तावीस बॅटऱ्या, हा व्यवहार नाना आपल्या मुलाला करू देतील का?

मी इथे एक कबुली देतो, कारण ती न देता पुढे जाणे लबाडी होईल. लिथियमची बॅटरी या गणितात बदल घडवते. ती कित्येक पटींनी जास्त वेळा भरता येते, जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते आणि तिच्या किमती उतरत आहेत. ज्याच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र चालू ठेवायचे आहे, ज्या वाडीवर वादळानंतर आठ-आठ दिवस लाइट येत नाही, त्याने हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी जरूर घ्यावी. पण हायब्रिड तरी काय करतो? लाइट जाताच तो प्रथम स्वतःला ग्रिडपासून तोडतो, आणि मगच घरातल्या ठरावीक बटणांपुरता स्वतःचा ठेका धरतो. वायरमनची तार तोही मेलेलीच ठेवतो. म्हणजे ज्या नियमावर नाना रागावले आहेत तो नियम बॅटरी घेऊनही सुटत नाही.

एक जुगाड मात्र कुणी करू नये. गेल्या वर्षी एका वीजतंत्र्याने मला सुचवले होते की सोलरचा इन्व्हर्टर घरच्या जुन्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या मागे जोडून देतो, त्याला वाटेल ग्रिडच आहे, लाइट गेली तरी चालेल. त्याला वाटेल खरेच. पण घरात वापर कमी झाला की उरलेली वीज त्या बिचाऱ्या पेटीत उलटी शिरेल, बॅटरी अतोनात भरेल किंवा पेटी जळेल. दोन हजार रुपयांत घर पेटवून घ्यायची ही सोय मी नम्रपणे नाकारली.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण अर्धा गोंधळ त्यांनी घातला आहे. सोलर विकणारा पोऱ्या सांगतो, "काका, ग्रिड म्हणजे फुकटची बॅटरी. दिवसा भरा, रात्री काढा." नानांची समजूत आणि हे वाक्य एकाच गर्भातले जुळे भाऊ आहेत. दोघांनाही वाटते की वीज कुठेतरी ठेवली जाते. ती ठेवली जात नाही. दुपारी माझ्या छतावरचे जास्तीचे दोन हजार वॅट डीपीपर्यंतही पोचत नाहीत. वाटेतच शेजारच्या पिठाच्या गिरणीत खपतात. रात्री माझ्या घरात येते ती चंद्रपूरच्या कोळशाची किंवा कोयनेच्या पाण्याची. महाराष्ट्राला साठवण म्हणून खरोखर काही असेल तर तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. कोयनेची केंद्रे 1,960 मेगावॅटची, संध्याकाळी भार चढला की मिनिटांत धावणारी, पण पाणी मोजून दिलेले: पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी. ती साठवण माझ्या छताने भरलेली नाही. पावसाने भरली आहे.

बिलावर जे जमा दिसते ते युनिट म्हणजे वहीतली नोंद. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांप्रमाणे आर्थिक वर्षात ती महिन्यामागून महिना पुढे सरकते, आणि मार्चअखेर जे उरेल ते आयोगाने ठरवलेल्या दराने वीज कंपनी विकत घेते. तो दर आपण वरच्या टप्प्यात जो दर भरतो त्यापेक्षा बराच कमी. म्हणून गरजेपेक्षा मोठे सोलर बसवून वर्षाला कमाई करायचा बेत फसतो. खांब, तारा, डीपी, वायरमन यांचा खर्च मी शून्य युनिट वापरले तरी होतच असतो. त्यासाठी बिलात स्थिर आकार असतो आणि तो राहणारच. बिल शून्य होईल असे यंत्राने कधी सांगितले नव्हते, विकणाऱ्याने सांगितले. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागले, चांगलेच झाले. पण योजनेच्या नावातला 'मुफ्त' हा शब्द जेवढ्या लोकांना छतावर घेऊन गेला, तेवढ्याच लोकांना पहिल्या बिलाच्या दिवशी दुखावून गेला.

आणि ही वहीतली नोंद कायम एकास एक राहील असेही कुणी धरून चालू नये. छतावरच्या सोलरमध्ये पुढे असलेल्या कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांना परत दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी केला. कारण दुपारी सगळ्यांचीच छते देतात आणि संध्याकाळी सगळेच मागतात. दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग, हे सत्य आपल्याही दाराशी येऊन उभे आहे. त्याला तोंड द्यायचे तर कपड्यांचे यंत्र, गिझर, पाण्याची मोटर रात्रीऐवजी दुपारी चालवायला शिकले पाहिजे. आमच्या घरी गिरणी अकरानंतरच लागते. आत्यांना हे फार विचित्र वाटले. त्यांची सकाळची भाजणी रखडली.

राहिली खरी तक्रार. ती नाना करत नाहीत म्हणून मीच करतो. लांब ओढलेल्या, बारीक तारेच्या टोकाला असलेल्या घरांत भर दुपारी दाब चढतो. सगळी छते एकदम वीज ढकलतात, तार ती पुढे नेऊ शकत नाही, मीटरवर 248, 251, 254 असे आकडे दिसू लागतात. 253 ओलांडले की 110 टक्के झाले, इन्व्हर्टर बंद. दाब उतरतो, 60 सेकंद थांबून पुन्हा सुरू, पुन्हा 254. लाइट असताना, ऊन असताना, दिवसभर हा लपंडाव. माझ्या एका स्नेह्याच्या घरी तो दोन उन्हाळे चालला. बदलायला हवी होती तार, आणि अर्जामागून अर्ज देऊनही ती बदलली जात नव्हती. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत 2024 मध्ये दुरुस्ती झाली: पाच किलोवॅटपर्यंतच्या छतावरील सोलरसाठी वितरणाच्या जाळ्याचे बळकटीकरण करावे लागले तर ते वितरण कंपनीने स्वखर्चाने करायचे, आणि दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीत अर्ज अडकवायचा नाही. भांडायचे तर हा नियम हातात घेऊन भांडा. अर्जावर पोच घ्या, दुपारच्या दाबाचे फोटो वेळेसकट जोडा. इथे न्याय्य भांडण आहे आणि ते जिंकता येते. स्नेह्याच्या गल्लीत अखेर नवी केबल पडली. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बंद का होतो म्हणून तक्रार नोंदवणाऱ्याला मात्र तक्रार निवारण मंच काय उत्तर देणार?

वाचकांपुढे दोन्ही पक्ष आहेत. निवाडा त्यांनी करावा. त्या चैत्रातल्या दुपारी मात्र तो माझ्या ओट्यावरच झाला, आणि मी तोंडही उघडले नव्हते.

नाना बोलत होते तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खांबावर शिडी लागली. वायरमन वर गेला. तिशीचा मुलगा, पट्टा कमरेला, एका हातात हातमोजा नव्हता, हे मी नोंदवतो. त्याने वरून हाक मारली, "दादा, तुमचं सोलर आहे ना? बंद आहे का बघा जरा." मी आत जाऊन पाहिले. तांबडा दिवा. "बंद आहे," मी म्हणालो. "नक्की?" त्याने पुन्हा विचारले. तारेला हात लावण्याआधी त्याने टेस्टर लावला, साखळीसारखी अर्थिंगची तार तिन्ही फेजवर टाकली, आणि मग तुटलेला जंपर ओढून घेतला. आत्या पदर तोंडाशी धरून वर बघत होत्या. वारा घ्यायच्या त्या विसरल्या होत्या.

वीस मिनिटांनी तो उतरला आणि डीपीकडे गेला. पंखा फिरला. इन्व्हर्टरच्या पडद्यावर आकडे उलटे मोजू लागले: साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. नाना म्हणाले, "लाइट आली की, मग आता कशाला थांबलंय ते?"

"तो शिडी घेऊन लांब जाईपर्यंत," आत्या म्हणाल्या.